फ्रीलान्स करारातला नोटीस पिरियड: नागपुरातून काम सुरू करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

मे महिन्यातली गोष्ट. त्रिमूर्तीनगरातल्या घरी कूलरमध्ये पाणी भरून मी नुकतीच लॅपटॉपपुढे बसले होते. ज्या बाहेरगावच्या कंपनीचं डिझाइनचं काम मी चौदा महिने करत होते, तिचा ईमेल आला: आजपासून तीस दिवसांनी करार संपेल. वाईट वाटलं, पण धीर होता. करारात दोन्ही बाजूंना तीस दिवसांची नोटीस होती, म्हणजे अजून एका महिन्याचे पैसे नक्की, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवसापासून काम येणंच बंद झालं. मी विचारत राहिले, 'कळवतो' असं उत्तर येत राहिलं. महिनाअखेरीला बिल पाठवलं, तर हिशेब विभागाने कळवलं की मोबदला 'सोपवलेल्या कामाच्या तासांवर' आहे आणि या महिन्यात सोपवलेले तास शून्य आहेत. करार उघडून पाहिला. तसंच लिहिलेलं होतं. त्याच करारात आणखी एक ओळ होती: करार चालू असेपर्यंत त्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचं काम घ्यायचं नाही. म्हणजे ते तीस दिवस मी बांधलेलीही होते आणि माझ्या खात्यात एक रुपयाही आला नाही.

हल्ली परसोडीच्या आयटी पार्ककडे चहाला गेलं की नव्याने फ्रीलान्स करू लागलेली मुलं-मुली विचारतात, "ताई, नोटीस किती दिवसांची मागू?" मी आधी त्यांना विचारते की त्या दिवसांत पैसे चालू राहणार आहेत का, ते पाहिलंस का? हमीच्या पैशांसह पंधरा दिवस हे बिनपैशाच्या साठ दिवसांपेक्षा कधीही बरे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

एक लक्षात असू द्या. तुम्ही कंत्राटदार आहात, कर्मचारी नाही. नोकरीत असताना कंपनीचे नियम, कामगार कायदे यांचा थोडाफार आधार असतो. इथे तुमचा आधार म्हणजे सही केलेला कागद आणि १८७२ चा भारतीय करार कायदा. मी वकील नाही. रक्कम मोठी असेल तर मसुदा वकिलाला दाखवाच.

सुरू करण्याआधी जवळ ठेवा

- कराराचा पूर्ण मसुदा, सगळ्या परिशिष्टांसह. 'मुख्य करार नंतर पाठवतो, आधी हे कामाचं पत्रक साइन करा' असं म्हणाले तर थांबा.
- मागच्या तीन-चार महिन्यांची बिलं आणि पैसे जमा झाल्याच्या तारखा, आधीच्या ग्राहकांची असली तरी चालेल.
- पॅन, आधार, बँकेचा तपशील. जीएसटी नोंदणी असेल तर तो क्रमांक.
- उद्यम नोंदणीचं (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र. नसेल तर आठवी पायरी आधी वाचा.
- घरखर्चाचा महिन्याचा खरा आकडा. हा कोणाला दाखवायचा नाही, पण बोलणी करताना तो डोक्यात असला पाहिजे.

१. मसुद्यात नोटीस कुठे कुठे लपली आहे ते शोधा

मसुदा बहुतेक वेळा इंग्रजीत आणि बारा-पंधरा पानांचा असतो. 'टर्मिनेशन' नावाचं कलम वाचून थांबू नका. मी प्रिंट काढून पेन्सिलीने खुणा करते, कारण नोटीसचा खरा अर्थ चार-पाच ठिकाणी विखुरलेला असतो.

टर्मिनेशनच्या कलमात दोन वाटा असतात. एक, कोणतंही कारण न देता ठरलेल्या दिवसांची नोटीस देऊन करार संपवणं. दुसरी, कारण दाखवून ताबडतोब संपवणं. नवखी माणसं पहिल्या वाटेवरचा आकडा वाचतात आणि खूश होतात. दुसरी वाट नीट वाचा. तिथे 'कंपनीच्या मते काम असमाधानकारक असल्यास' असं वाक्य असेल, तर पहिल्या वाटेवरच्या तीस दिवसांना काही किंमत उरत नाही. कोणत्याही दिवशी काम असमाधानकारक ठरवता येतं. त्याऐवजी मागा: काय चुकलं ते लेखी कळवावं, दुरुस्तीला दहा दिवस द्यावेत, आणि तरीही दुरुस्त झालं नाही तरच ताबडतोब संपवता यावं. फसवणूक, गोपनीयतेचा भंग अशा गोष्टींसाठी ताबडतोब संपवण्याला हरकत घेऊ नका, ते रास्त आहे.

मग मोबदल्याचं कलम. 'सोपवलेले तास', 'मंजूर झालेलं काम', 'गरजेनुसार' यांपैकी काही दिसलं की खूण करा. मी ज्यात अडकले तो फास हाच.

तिसरं, दुसऱ्यांचं काम घेण्यावरचं बंधन. चौथं, मुदत आणि आपोआप नूतनीकरण. कित्येक वार्षिक करारांत लिहिलेलं असतं की संपण्याच्या साठ दिवस आधी कळवलं नाही तर करार आणखी वर्षभर चालू. तशी ओळ असेल तर ती तारीख आत्ताच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका.

पाचवं कलम शेवटच्या पानावर असतं आणि कोणी वाचत नाही: 'एंटायर अ‍ॅग्रीमेंट'. त्याबद्दल सहाव्या पायरीत सांगते.

२. तुम्हाला खरंच किती दिवस लागतात ते मोजा

'सगळे तीस मागतात म्हणून तीस' असं करू नका. माझा हिशेब सांगते, तुम्ही तुमचे आकडे घाला. नवा ग्राहक शोधून बोलणी पक्की व्हायला मला साधारण तीन आठवडे लागतात. करार, ओळखपत्रं, सिस्टीमचे पासवर्ड मिळेपर्यंत आणखी एक आठवडा. म्हणजे अठ्ठावीस दिवस हातात काम नाही. काम सुरू झाल्यावर महिन्याने बिल आणि बिलानंतर तीस दिवसांनी पैसे हे चक्र जुन्या ग्राहकाकडेही तसंच असतं, त्यामुळे ते दोन्हीकडे सारखं धरता येतं. खरी पोकळी त्या अठ्ठावीस दिवसांची.

म्हणून नोटीस मिळाल्याच्या दिवशीच शोध सुरू केला आणि तीस दिवस पैसे चालू राहिले, तर माझा एकही महिना कोरडा जात नाही. पैसे चालू नसतील तर नोटीस नव्वद दिवसांची असली तरी तेवढीच पोकळी राहते. ज्यांचं काम फार विशिष्ट आहे आणि ग्राहकच मोजके आहेत, त्यांनी पंचेचाळीस दिवस मागायला संकोच करू नये.

उलट बाजूही मोजा. तुम्ही काम सोडताना तुमच्यावर किती दिवसांची नोटीस आहे? नवा ग्राहक दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबत नाही, हा माझा अनुभव. तुमच्यावर साठ दिवस आणि कंपनीवर पंधरा असा मसुदा आला, तर किमान दोन्हीकडे सारखं करून घ्या. मी आधी 'माझ्याकडून पंधरा, तुमच्याकडून तीस' असं मागते. कारणही देते: माझं काम थांबलं तर तुम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ शकता, तुमचं काम थांबलं तर माझं त्या महिन्याचं उत्पन्न थांबतं. काही जण मान्य करतात. बाकीच्यांशी तीस-तीसवर मिटतं.

३. दिवसांसोबत पैशांचं वाक्य घालून घ्या

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, तिला वेळ द्या.

महिन्याच्या महिन्याला काम असेल तर हे वाक्य मागा, करार इंग्रजीत असेल तर याच अर्थाचं इंग्रजी वाक्य:

"नोटीसच्या काळात ग्राहकाने काम सोपवो अथवा न सोपवो, मागील तीन महिन्यांच्या बिलांच्या सरासरीइतका मोबदला त्या काळाच्या प्रमाणात देय राहील."

तीन महिन्यांची सरासरी का? तासांवर काम असलं की बिलं खालीवर होतात. समजा तीन महिन्यांची बिलं ३८,०००, ४४,००० आणि ३५,००० रुपयांची आहेत. बेरीज १,१७,०००, सरासरी ३९,०००. तीस दिवसांच्या नोटीसला ३९,०००, पंधरा दिवसांच्या नोटीसला १९,५००. कोणी कोणाशी वाद घालायचं कारण राहत नाही. सरासरी लिहिली नाही तर 'शेवटच्या महिन्याचं बिल' धरलं जातं, आणि करार संपवायचं मनात असलेला ग्राहक शेवटचा महिना आधीच पातळ करून ठेवतो. हे मी दोनदा पाहिलं आहे.

ग्राहक म्हणाला की 'जाणाऱ्या माणसाला आमच्या सिस्टीममध्ये महिनाभर ठेवायचं नाही', तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. त्याला हे वाक्य द्या: "नोटीसऐवजी तितक्या दिवसांचा मोबदला एकरकमी देऊन ग्राहक करार ताबडतोब संपवू शकेल." कंपन्यांना हे पटतं, कारण त्यांना मोकळीक मिळते. तुम्हाला पैसे आणि मोकळा वेळ दोन्ही मिळतं. माझ्या मते सर्वांत चांगली तडजोड ही.

ठरावीक रकमेच्या प्रकल्पात सरासरी काढता येत नाही. तिथे टप्पे पाडा. समजा १,२०,००० रुपयांचं काम आहे आणि ४०,००० चे तीन टप्पे आहेत. लिहून घ्या की पूर्ण झालेल्या टप्प्याचे पूर्ण पैसे, आणि सुरू झालेल्या टप्प्याचे झालेल्या कामाच्या प्रमाणात पण किमान निम्मे. दुसरा टप्पा सुरू होऊन चार दिवसांत काम थांबवलं तरी २०,००० तुमचे. सुरुवातीला घेतलेला अ‍ॅडव्हान्स परत करावा लागणार नाही, हेही वेगळं लिहा. गृहीत धरू नका.

आणि मालकीहक्क. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कामाचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. मसुद्यात बहुधा 'काम तयार होताच सर्व हक्क ग्राहकाचे' असं असतं. ते 'त्या कामाचे पूर्ण पैसे मिळाल्यावर' असं करून घ्या. नोटीसच्या महिन्यात एवढे चार शब्द फार उपयोगी पडतात.

४. थकलेल्या बिलासाठी वेगळा दरवाजा

ग्राहक पैसेच देत नसेल तर तुम्ही तीस दिवस काम करत राहायचं का? करारात काही लिहिलं नसेल तर तसंच समजलं जातं, आणि काम थांबवलंत तर 'तुम्हीच करार मोडला' असं ऐकावं लागतं. म्हणून: देय तारखेनंतर दहा दिवस बिल थकलं तर लेखी कळवून काम थांबवता येईल, आणि आणखी सात दिवसांत पैसे आले नाहीत तर करार संपवता येईल, थांबवलेले दिवस करारभंग मानले जाणार नाहीत.

५. बोलणी कधी आणि कशी

दर ठरल्यानंतर, सही करण्याआधी. दर ठरायच्या आधी नोटीसचा विषय काढला तर 'ही आत्ताच जायच्या गोष्टी करते' असं वाटतं. सही झाल्यावर काढला तर कोणी ऐकत नाही. मसुदा आला की दोन दिवस मागून घ्या आणि सगळे बदल एकाच ईमेलमध्ये पाठवा. रोज एक-एक दुरुस्ती पाठवली की समोरचा वैतागतो आणि तिसऱ्या दिवशी 'आहे तसं साइन करा' म्हणतो.

ईमेल साधा ठेवा. मी असं लिहिते:

"नमस्कार सर, मसुदा वाचला. बाकी सगळं मान्य आहे. दोन बदल सुचवते. पहिला, नोटीसच्या काळातला मोबदला मागील तीन महिन्यांच्या सरासरीप्रमाणे असावा किंवा तुम्हाला ताबडतोब थांबवायचं असल्यास तेवढी रक्कम एकरकमी द्यावी. दुसरा, नोटीस दोन्ही बाजूंना तीस दिवसांची असावी. माझ्याकडून त्या काळात सगळ्या मूळ फाइल्स, नोंदी आणि नव्या माणसाला समजावून सांगण्यासाठी चार तास देण्याची तयारी आहे, ते करारात लिहायलाही हरकत नाही."

शेवटचं वाक्य फार कामाचं. ग्राहकाला खरी भीती असते की तुम्ही मध्येच गेलात तर काम कोणालाच कळणार नाही. ती भीती तुम्ही आधीच दूर केलीत की तो पैशांच्या वाक्यावर कमी ताणतो.

गावातल्या ग्राहकांची गोष्ट वेगळी. वर्धमाननगरातल्या एका व्यापाऱ्यांची वेबसाइट आणि महिन्याचं कॅटलॉग मी करायचे ठरले तेव्हा ते म्हणाले, "ताई, आपण घरचे लोकं. कागद काहून पाहिजे?" मी म्हटलं, "भाऊ, उद्या तुमचा मुलगा दुकान पाहायला लागला तर आपलं काय ठरलं हे त्याला कसं समजेल?" ते थोडं थांबले, दिवाणजींना हाक मारली आणि एका पानावर लिहायला सांगितलं: महिन्याची रक्कम, कोणीही थांबवलं तरी एकवीस दिवस आधी सांगायचं, त्या दिवसांचे पैसे द्यायचे, हिशेब सात दिवसांत. मी तीस म्हणत होते, ते पंधरा. एकवीसवर दोघंही राजी झालो. शिक्क्याच्या पॅडची शाई उन्हाने वाळली होती. त्यांनी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून शिक्का उठवला. ते पान माझ्याकडे अजून आहे.

'आमची लीगल टीम काही बदलत नाही' हे उत्तर मोठ्या कंपन्यांकडून हमखास येतं. तेव्हा मुख्य करार राहू द्या आणि कामाच्या पत्रकात, म्हणजे एसओडब्ल्यूमध्ये (स्टेटमेंट ऑफ वर्क), नोटीसचं वाक्य घालायला सांगा. ते पत्रक सहसा विभागप्रमुखाच्या हातात असतं आणि त्याला तुम्ही हवे असता. मात्र मुख्य करारात 'विसंगती असल्यास मुख्य करार ग्राह्य' असं लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर पत्रकात 'नोटीस आणि मोबदल्यापुरतं हे पत्रक ग्राह्य' अशी ओळ हवी, नाहीतर सगळी मेहनत वाया.

सोडायची वेळ आली तर दिवस सोडा, पैसे सोडू नका. तीसचे पंधरा होऊ द्या. तेही मान्य नसेल तर दर महिन्याची रक्कम १ तारखेला आगाऊ मागा. आगाऊ पैसे मिळत असतील तर नोटीसचा धोका बराच कमी होतो. आणि नोटीस एकतर्फी, बिनपैशाची आणि वर दुसऱ्यांचं काम घ्यायला बंदी, हे तीनही एकाच मसुद्यात असेल तर सही करू नका. दर कितीही चांगला असो.

६. जे ठरलं ते योग्य जागी लिहिलं गेलं आहे ना

आता ते शेवटच्या पानावरचं कलम. 'एंटायर अ‍ॅग्रीमेंट' म्हणजे याआधीची सगळी बोलणी, ईमेल, आश्वासनं रद्द. या कागदावर आहे तेवढंच खरं. फोनवर मॅनेजर म्हणाले, 'नोटीसचे पैसे देऊ हो, काळजी करू नका,' आणि तुम्ही त्या भरवशावर सही केलीत, तर ते बोलणं पुसलं गेलं. ठरलेली गोष्ट करारात, परिशिष्टात किंवा नंतर दोघांच्या सहीच्या दुरुस्तीपत्रात आली पाहिजे.

छोट्या कामात करारच नसतो, फक्त ईमेल असतात. तेही बिनकामाचे नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. तेव्हा फोन झाल्यावर 'आपलं असं ठरलं' असा ईमेल टाका आणि 'मान्य' एवढं उत्तर मागून घ्या.

कागदी करार असेल तर मुद्रांक शुल्क विसरू नका. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारनाम्याला १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. मुद्रांक नसलेला करार लगेच रद्द होत नाही, पण शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो न्यायालयात पुरावा म्हणून वाचला जात नाही.

नोटीस कशी द्यायची हेही तपासा. जुन्या मसुद्यांत 'रजिस्टर्ड पोस्टाने' असं असतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. सरळ दोन्ही बाजूंचे ईमेल पत्ते लिहून घ्या, आणि दिवस ईमेल पाठवल्याच्या तारखेपासून मोजायचे, कॅलेंडरचे दिवस, असं स्पष्ट करा. 'कामकाजाचे तीस दिवस' म्हणजे जवळजवळ सहा आठवडे होतात.

७. दंड आणि बंधनांना घाबरून सही करू नका, पण वाचा

'नोटीस न देता गेल्यास दोन महिन्यांचा मोबदला भरावा लागेल' असं वाक्य असतं. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय लिहिलेली पूर्ण रक्कम डोळे झाकून देत नाही. वाजवी भरपाई देतं, आणि लिहिलेली रक्कम ही त्याची वरची मर्यादा. अडचण वेगळीच असते. ग्राहक न्यायालयात जातच नाही, तुमच्या थकलेल्या बिलातून परस्पर कापून घेतो. म्हणून 'पूर्ण झालेल्या कामाच्या बिलातून कोणतीही कपात करता येणार नाही' हे वाक्य मागा.

करार संपल्यावर वर्षभर त्याच क्षेत्रात काम करायचं नाही, अशी अटही दिसेल. कलम २७ खाली व्यवसायाला असं बंधन घालणारा करार निरर्थक असतो. क्रिकेटपटू झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली करार संपल्यानंतरचं बंधन याच कलमाखाली अमान्य केलं होतं. मात्र करार चालू असतानाचं बंधन सहसा मान्य होतं, आणि नोटीसचा काळ हा चालू करारातच मोडतो. नेमकी इथेच माझी गाडी अडकली. म्हणून लिहून घ्या: 'नोटीस दिल्या किंवा मिळाल्याच्या तारखेपासून दुसऱ्यांचं काम घेण्यावरचं बंधन संपेल.' गोपनीयतेची अट राहू द्या, ती पाळायचीच असते.

८. उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा

एकट्याने सेवा देणारी व्यक्तीही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकते. उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन लागतं, नोंदणी फुकट असते. पैसे मागणाऱ्या एजंटांच्या वेबसाइट पोर्टलसारख्याच दिसतात, त्यांच्यापासून सांभाळा.

२००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याने नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात लिहिलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणं बंधनकारक आहे; लेखी मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. आयकरातही आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी थकवलेली रक्कम ग्राहकाने तुम्हाला प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की हिशेब विभाग स्वतःहून फोन करतो.

नागपूरकरांसाठी यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे एमएसएमईडी कायद्याचं कलम १८. पैसे थकले तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) अर्ज करता येतो, आणि ग्राहक देशात कुठेही असला तरी पुरवठादार ज्या भागात आहे तिथल्या परिषदेला अधिकार असतो. करारात 'वाद बेंगळुरूतच' किंवा लवादाचं (न्यायालयाऐवजी पंचाकडे वाद नेण्याचं) कलम असलं तरी हा मार्ग खुला राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. नोंदणी मात्र करार आणि काम यांच्या आधीची हवी. काम झाल्यावर नोंदणी करून मागच्या बिलांची दाद मागायला गेलेल्यांची निराशा होते.

परदेशी ग्राहकाला हे काही लागू पडत नाही. तिथे आगाऊ पैसे हाच उपाय.

साध्या दिवाणी दाव्यासाठी पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. मला हे उशिरा कळलं.

९. नोटीस आली किंवा द्यायची वेळ आली, तर त्या दिवशी

फोनवर नोटीस आली तर शांतपणे 'कृपया ईमेल करा' म्हणा. ईमेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या: नोटीस मिळाली, अमुक कलमाप्रमाणे शेवटचा दिवस अमुक तारीख, त्या काळाचा मोबदला अमुक रुपये, रोज कामासाठी उपलब्ध आहे. 'उपलब्ध आहे' हे शब्द हवेत. नंतर 'तुम्हीच काम केलं नाही' म्हणायला जागा राहत नाही. आठवड्यातून एकदा काम मागणारा ईमेल टाका, उत्तर नाही आलं तरी.

तुम्ही नोटीस देत असाल तर कारणांचा पाढा वाचू नका. तारीख, कलम, शेवटचा दिवस, फाइल्स कधी देणार, एवढंच. रागात असाल तर रात्रभर थांबून सकाळी पाठवा.

शेवटच्या दिवसापर्यंतचं बिल नोटीस संपण्याच्या आठवडाभर आधी पाठवा, म्हणजे तुमच्या कामाची माहिती असलेलं माणूस तिथे असतानाच ते मंजूर होतं. फाइल्स देताना यादी करा आणि 'मिळाल्या' असं उत्तर घ्या. कापलेला टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर) आयकर पोर्टलवर तुमच्या नावे दिसतो का ते पुढच्या तिमाहीत बघा. आणि ग्राहकाचं होस्टिंग, फॉन्ट किंवा स्टॉक फोटोंचं सबस्क्रिप्शन तुमच्या कार्डावर चालू असेल तर करार संपायच्या आधी ते त्यांच्या कार्डावर वळवून घ्या. माझ्या कार्डावरून त्या कंपनीच्या होस्टिंगचे पैसे करार संपल्यावर आणखी पाच महिने जात होते.